आबांची टाच, माझी टाच

मी शाळेत होते तेव्हा माझे वडील घराच्या छपरावरून पडले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. पावसाळ्याआधी कौलं चाळायला ते वर चढले होते. कौलांखालची एक रीप मोडली आणि ते अंगणात आले ते सरळ पायांवरच. समोरच्या काकूला वाटलं, उडीच मारली. पण आबा जागच्या जागी बसले आणि मग त्यांना उठता येईना. उजव्या टाचेचं हाड फुटलं होतं.

तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्यांचं ऑपरेशन झालं. घोट्याच्या मागून छेद खाली आला आणि तळव्याच्या कडेनं पुढे वळला, काटकोनात. आत धातूची पट्टी बसवली, स्क्रू मारले, वरून टाके घातले. पहिले काही दिवस सगळं बरं दिसत होतं. मग त्या वळणावरची कातडी निळसर झाली, नंतर काळी पडली आणि एका सकाळी जखम उघडली.

आईला ती जखम बघवत नसे. दादा, माझा मोठा भाऊ, तेव्हा दुसऱ्यांच्या गणपतीच्या कारखान्यात कामाला जायचा. म्हणून पट्टी बदलायचं काम माझ्याकडे आलं. पट्टी सोडली की आधी मी ती नाकाजवळ न्यायची. आज जखम कशी आहे हे वासावरूनच कळायचं. एकदा कापूस फिरवताना आत काहीतरी चकाकलं. पाण्याच्या तळाशी पडलेला चमचा दिसावा तसं. ती आबांच्या हाडावरची धातूची पट्टी होती. कापूस ठेवला, वर जाळी बांधली आणि मागच्या दारी जाऊन ओकले.

पुढे ती धातूची पट्टी काढावी लागली. जखम भरायला खूप काळ गेला. ती भरली, पण टाच पसरट आणि वाकडी राहिली, वरची कातडी मेण वितळून गोठावं तशी. कुठलीही चप्पल त्यांना नीट बसली नाही. ते काठी टेकत चालायला लागले ते आजपर्यंत.

एवढं सगळं आधी सांगायचं कारण असं की मी पडले तेव्हा मला काय झालंय हे समजायला कुठल्या डॉक्टरची गरज लागली नाही.

माझं सासर रोह्याला. नवरा धाटावच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. दर वर्षी गणपतीच्या आधी मी माहेरी, हमरापूरला, जाते. आमच्या घरचा मूर्तींचा लहानसा कारखाना आहे आणि मूर्तींचे डोळे रंगवायचं काम, ज्याला आम्ही आखणी म्हणतो, ते माझ्याकडे असतं. त्या वर्षीही गेले होते. बाहेर पाऊस, आत रंगाचा वास आणि पंख्यांची घरघर. वाळलेल्या मूर्ती माळ्यावर ठेवलेल्या होत्या. वहिनी स्वयंपाकात होती, दादा मूर्ती पोचवायला गेला होता. मी म्हटलं, एक मूर्ती काय, मीच उतरवते.

लोखंडी शिडी होती. खाली फरशीवर प्लॅस्टिक अंथरलेलं आणि ते ओलं झालेलं. मूर्ती दोन्ही हातांत धरून मी खाली पाय टाकला आणि शिडी सरकली. हात मोकळे असते तर कशाला तरी धरलं असतं. मूर्ती छातीशी घट्ट धरून मी उभीच्या उभी खाली आले आणि डावी टाच आधी टेकली.

दुखण्याच्या आधी एक गरम लाट पायातून पार पाठीपर्यंत गेली. मी बसलेली होते, मांडीवर मूर्ती, तिला काही झालं नव्हतं. दारात आबा बसले होते, मूर्ती घासत. त्यांच्या हातातला पॉलिश पेपर तसाच थांबला. त्यांनी मला पडताना पाहिलं होतं. त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही.

"टाच?" त्यांनी विचारलं.

"टाच," मी म्हटलं.

मग वहिनी धावत आली, शेजारचे आले, कुणी म्हणालं मुरगळला असेल, बर्फ लावा. कुणी म्हणालं, बाप्पानं वाचवलं गो तुला. आम्हा दोघांना तेव्हाच माहीत होतं. पाय बघता बघता सुजला. टाच रुंद झाली, घोट्याचा खळगा भरून गेला आणि तळव्यावर जांभळा डाग उतरू लागला. आबांच्या पायावर असाच डाग उतरला होता.

दादा परत आल्यावर मला टेम्पोत घालून पेणला नेलं. रस्त्यातला एकेक खड्डा टाचेत वाजत होता. आबा आले नाहीत. टेम्पो निघाला तेव्हा ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

पेणच्या हॉस्पिटलात हाडांचे डॉक्टर होते, माझ्याहून वयानं लहान असावेत. त्यांनी पायाला हात लावायच्या आधी विचारलं, "कंबर दुखतेय का? पाठ?"

मी म्हटलं, "पाय दुखतोय हो. पाठीचं काय?"

"उंचावरून टाचेवर पडलं की धक्का वर मणक्यापर्यंत जातो. एकदा बघून घेऊ."

हे मला ठाऊक नव्हतं. माझी एकाच भीतीची तयारी होती, ही दुसरी नवीनच निघाली. एक्स-रे होईपर्यंत मी पायाची बोटं हलवून बघत होते, पुन्हा पुन्हा, जणू थांबवली तर ती हलायची बंद होतील. मणका ठीक निघाला. टाच फुटली होती. दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅन झाला आणि डॉक्टरांनी मला आणि नवऱ्याला संगणकावर ते हाड दाखवलं. नवरा शिफ्ट संपवून कंपनीच्या कपड्यांतच आला होता.

"हे टाचेचं हाड," ते म्हणाले. "बाहेरून पातळ कवच, आत जाळीसारखं, मऊ. पडताना वरचं हाड याच्यात घुसलंय. ही वरची बाजू बघा, इथे सांधा असतो. तो सपाट असायला हवा, तो खाली दबलाय. हा वर उचलून बसवायला लागेल."

"ऑपरेशन," नवरा म्हणाला.

"हो."

"नाय," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते इतक्या मोठ्यानं निघालं की बाहेरची नर्स आत डोकावली.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "कशाची भीती वाटते?"

मी म्हटलं, "छेद केवढा देणार?"

त्यांनी स्वतःच्या पायावर दाखवलं. घोट्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला, एवढासा आडवा. शिवाय टाचेला मागून एक-दोन बारीक भोकं, त्यांतून जाड तार घालायची, तिच्या जोरावर दबलेलं हाड वर उचलायचं, एक्स-रेच्या मशीनवर बघत बघत नीट बसवायचं आणि स्क्रू मारायचे. कातडी मोठी उघडायची नाही.

मला ते खरं वाटलं नाही. डॉक्टरांचं लहान म्हणजे आपलं किती, कुणास ठाऊक. आणि मला मधुमेह आहे. चार माणसांसारख्या गोळ्या घेते, पण मूर्तींच्या दिवसांत जेवणाची वेळ राहत नाही, चहा मात्र सारखा होतो. रक्त तपासलं तर शुगर खूप वर गेलेली. कातडी भरून यायला आबांना इतका काळ लागला, त्यांना तर शुगरही नव्हती. मग माझं काय होणार? मी डोळे मिटले की मला तो चमचा दिसायचा.

पाय उशांवर उंच ठेवला होता. सुजेनं कातडी चकचकीत ताणली गेली आणि तिच्यावर पाण्याचे फोड आले. नर्स म्हणाली, टाचेला असं होतंच, घाबरू नका. मी नर्सचं तोंड बघत बसले, खरं बोलतेय का खोटं. दादा सांगून गेला की नागोठण्याकडे एक हाडवैद्य आहे, कापाकापी करत नाही, पाला बांधतो. नवरा म्हणाला, सांधा दबलाय तो पाल्यानं वर येणार नाही. दोघांचं वाजलं. मी भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टर पुन्हा आले आणि स्पष्ट बोलले. "तुम्हाला घाई करत नाही. पण एक गोष्ट सांगून ठेवतो. लहान छेदातून हे करायचं तर लवकर करावं लागतं. हाड चुकीच्या जागी चिकटायला लागलं की लहान जागेतून ते हलवता येत नाही. शुगर खाली आणायला मला थोडे दिवस लागतील. फोडांकडेही बघायचंय. तेवढ्यात तुम्ही ठरवा."

"आणि नाय केलं तर?"

"हाड जुळेल. ते जुळतंच. पण टाच रुंद आणि बसकी राहील, सांधा खडबडीत राहील. चालताना दुखेल."

म्हणजे करा तरी भीती, नका करू तरी भीती. आबांची टाच मला दोन्हीकडून दिसत होती.

त्यानंतरच्या दिवशी आबा आले. कुणालाही न सांगता एसटीनं आले होते, काठी टेकत जिना चढले होते. खोलीत आले तेव्हा घामानं भिजलेले. माझ्या पायाकडे त्यांनी पाहिलं नाही. खुर्चीवर बसून जमिनीकडे बघत म्हणाले, "बाय, कापून घेऊ नको. प्लास्टर घाल. लंगडली तरी चालंल, पण कापून घेऊ नको."

मी रडायला लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मला वाटलं, आता संपलं. आबाच नको म्हणतात, तर मी कोण हो म्हणणारी?

तेवढ्यात डॉक्टर फेरीला आले. नवऱ्यानं ओळख करून दिली, हे सासरे, यांच्याही टाचेचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणाले, "बघू का?"

आबांनी कुणाला टाच दाखवलेली मला आठवत नाही. घरातसुद्धा ते उजवा पाय डाव्याखाली घेऊन बसत. मला वाटलं, आता उठून जातील. पण त्यांनी हळूच लेंगा वर केला आणि पाय स्टुलावर ठेवला. डॉक्टर खाली बसले, जमिनीवरच. दोन्ही हातांत तो पाय धरला, घोटा हलवून पाहिला, कातडीवरून बोट फिरवलं.

"खूप सोसलंत," ते म्हणाले. मग विचारलं, "तेव्हा बिडी ओढायचात का?"

आबांनी मान हलवली. "ओढायचो. दवाखान्याच्या पायरीवर बसून पण ओढायचो. कुणी नको नाय बोललं."

"इथली कातडी पातळ, तिला रक्त कमी. त्यात मोठा छेद आणि हे वळण. बिडीनं रक्त आणखी कमी होतं. या कोपऱ्याची कातडी मेली, इथून सुरुवात झाली असणार." त्यांनी बोट ठेवलं ते अगदी त्याच जागी, जिथे मी रोज कापूस फिरवत असे. "तुमच्या मुलीला मी असा छेद देणारच नाही. तिची शुगर बघता मला स्वतःलाच त्याची भीती वाटते."

डॉक्टर भीती वाटते असं म्हणतील हे मला अपेक्षित नव्हतं. मी विचारलं, "आणि लहान छेदातून नाय बसलं तर? मग मोठा द्याल ना?"

"नाही. जेवढं बसेल तेवढं बसवीन, टाके घालीन, बाहेर येऊन तुम्हाला खरं काय ते सांगीन. शंभर टक्के बसेल असं मी म्हणत नाही. पण मोठा छेद देणार नाही, हे कबूल करतो."

आबांनी पाय खाली घेतला, लेंगा सारखा केला. बराच वेळ काठीच्या मुठीवर अंगठा घासत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कर. मी बाहेर बसतो."

मी हो म्हटलं ते धीर आला म्हणून नव्हे. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला ठरवायला लावता येईना, म्हणून.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून मला उपाशी ठेवलं होतं. मला आत नेलं तेव्हा दाराशी नवरा होता, त्याच्यामागे बाकावर आबा, मान खाली घालून. आत इतकं गार की दात वाजत होते. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी मला उठवून बसवलं, पाठ वाकवायला सांगितली आणि कमरेत सुई दिली. थोड्या वेळानं पाय गरम झाले, मग जड झाले, मग नाहीसेच झाले. मला कुशीवर वळवलं तेव्हा माझाच पाय कुणीतरी उचलून नेताना मला दिसला आणि मला काहीच कळलं नाही. त्या क्षणी मी इतकी घाबरले की मला झोपवा, झोपवा, असं ओरडले. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दुखणार नाही. आवाज येतील. माझ्याशी बोला. गाव कुठलं?"

"हमरापूर."

"मग आमचा गणपती तुमच्याकडचाच असेल."

मध्ये हिरवा कपडा टांगला होता. त्याच्या पलीकडे मशीन फिरल्याचा आवाज, घरी भोक पाडायची ड्रिल वाजते तसाच. दुखत नव्हतं, पण पार दातांपर्यंत थरथर जाणवत होती. एक्स-रेचं मशीन टिक करायचं, मग सगळे गप्प, बहुतेक पडद्याकडे बघत असावेत. मग डॉक्टरांचा आवाज, "थोडं वर. अजून. थांब. फोटो." पुन्हा टिक. पुन्हा गप्प.

असं किती वेळ चाललं मला माहीत नाही. मग डॉक्टर म्हणाले, "नाही बसत."

हळू आवाजात म्हणाले, माझ्यासाठी नव्हतंच ते. पण मी ऐकलं. अंगावर काटा आला तो फक्त कमरेच्या वर आला, खाली काही नव्हतंच. आता ते शब्द मोडतील, असं मला वाटलं. सुरी मागतील आणि मला कळणारसुद्धा नाही. मी बाईंचा हात धरला आणि म्हटलं, "त्यांना सांगा, मोठा छेद नको. कबूल केलंय त्यांनी."

बाईंनी पलीकडे सांगितलं की नाही, आठवत नाही. पलीकडून "तार काढ. खालून घेऊ," एवढंच ऐकलं. पुन्हा ड्रिल. कुणीतरी माझ्या पायाला जोरानं खेचत होतं, कारण माझं सगळं अंग टेबलावर हलत होतं. टिक. गप्प. टिक.

"बसलं," डॉक्टर म्हणाले. "छान बसलं. स्क्रू द्या."

मग ते कपड्यावरून डोकावले. मास्कच्या वर फक्त डोळे, कपाळावर घाम. "बसलं बरं का," ते मला म्हणाले.

"छेद?"

"सांगितला तेवढाच."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. ठेवावासा वाटत होता, पण जमलं नाही. पाय जाड पट्टीत गुंडाळलेला, आत काय आहे ते कुणाला दिसत होतं? पाय हळूहळू परत आला, आधी बोटं, मग सगळं दुखणं एकदम. नवरा जवळ बसून होता. मी त्याला सारखं विचारत होते, "पट्टीवर रक्त आलंय का? काळं काही दिसतंय का?" तो बिचारा उठून बघायचा आणि नाही म्हणायचा.

पहिली पट्टी उघडायची वेळ आली तेव्हा आबा थांबले होते. डॉक्टर म्हणाले, "या आबा, जवळ या." नर्सनं एकेक थर सोडायला सुरुवात केली. मी डोळे मिटून घेतले. शेवटचा थर सुटला तशी मी डोळे उघडले.

आबा माझ्या पायावर वाकले होते. अगदी जवळ, नाक लावून. ते वास घेत होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो वास फक्त मी लक्षात ठेवलाय. त्यांनीही रोज घेतला असणार, मी पट्टी सोडायचे तेव्हा तोंड फिरवून.

"स्पिरिटचाच हाय," ते म्हणाले. "दुसरा कसला नाय."

घोट्याखाली माझ्या बोटाएवढी टाक्यांची रेघ होती. टाचेला मागे बारीक भोकं, एकेका टाक्यानं बंद केलेली. सूज होती, जांभळेपणा होता, पण कातडी जागच्या जागी होती, गुलाबी. आबा खुर्चीत बसले. खिशातून रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं आणि बराच वेळ तो रुमाल तोंडावरून काढला नाही.

इथे भीती संपायला हवी होती. संपली नाही. गाडीनं मला रोह्याला आणलं. भिसे खिंडीच्या वळणांवर नवरा मागे बसून माझा पाय मांडीवर धरून होता. घरी आल्यावर वॉकर, एका पायावर उड्या आणि टाच जमिनीला लावायची नाही असा हुकूम. सासूबाईंनी स्वयंपाकघरात माझ्यासाठी खाट टाकली. "डोळ्यांसमोर राहा गो," म्हणाल्या. "मला एकटीला तरी कुठं करमतंय." भात बंद करून त्या मला नाचणीची भाकरी द्यायला लागल्या आणि माझ्या शुगरचा आकडा माझ्याआधी त्यांना पाठ असायचा.

रोज सकाळी मी पट्टी नाकाजवळ न्यायची. सासूबाई भाकरी थापता थापता बघायच्या. पायाची बाहेरची कड करंगळीपर्यंत बधिर झाली होती, चिमटा काढला तरी कळत नसे. आता इथून कुजायला लागणार, असं मी ठरवूनच टाकलं. आणि एके दिवशी मागच्या एका भोकाभोवती लाल कडा दिसली. दाबल्यावर पाण्यासारखा एक थेंब आला.

नवऱ्याची सकाळची शिफ्ट होती. मी त्याला फोन केला आणि मला बोलताच येईना. तो समजला. अर्ध्या शिफ्टमधून रजा टाकून आला. आम्ही पेणला गेलो तेव्हा रस्ताभर मी एकच विचार करत होते, आता आतला स्क्रू चकाकताना दिसणार, आता ते सगळे काढावे लागणार, आता काठी. नंतर नवऱ्यानं सांगितलं, त्याच्याही मनात तेच होतं.

डॉक्टरांनी दिव्याखाली पाय धरला, दाबून पाहिलं. "वरवरचं आहे. टाक्याचा धागा टोचतोय." त्यांनी तो धागा काढला, जागा पुसली, गोळ्या दिल्या. बधिरपणाचं विचारलं तर म्हणाले, "तिथून एक बारीक नस जाते, ती दुखावलीये. बरेचदा सुधारते. कधी थोडं राहतं." दोन दिवसांनी फोटो पाठवायला सांगितला. आठवड्याच्या आत ती लाल कडा गेली. मी मात्र पुढे कितीतरी दिवस आरसा पायाखाली धरून ती जागा शोधत होते.

मग टाच टेकवायचा दिवस आला. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले होते, "हाड जुळलंय. आता भार द्यायला सुरुवात करा. आधी थोडा, मग वाढवत." सांगायला सोपं. घरात आल्यावर मी वॉकर धरून उभी राहिले आणि पाय खाली घेईना. मला आतलं हाड दिसत होतं, पातळ कवच, आत जाळी. भार दिला की पुन्हा दबणार, कच्च्या मूर्तीसारखं खचणार. नवरा समोर उभा राहिला, हात पुढे करून. सासूबाई खाटेवर बसून होत्या.

"टेक," तो म्हणाला.

"नाय होणार."

"टेक. मी हाय ना."

"तू असून काय होणार? हाड माझं हाय!" मी ओरडले. मग दोघंही हसलो, आणि हसता हसता टाच जमिनीला लागली. थंड फरशी. टाचेत मुंग्यांचं वारूळ फुटलं. मी रडत होते, तो थांब म्हणत नव्हता, सासूबाई मात्र खाटेवरून, "बास, बास, आज एवढंच," म्हणत होत्या.

पाय पुरा परत यायला जवळजवळ वर्ष गेलं. पुरा म्हणते खरं, तसा नाही. सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं टाच आखडलेली असते. सपाट रस्त्यावर मी नीट चालते, पण कुंडलिका नदीच्या काठावर गोट्यांतून चालायला गेलं की पाय दगडागणिक कलत नाही, दुखतो. करंगळीजवळ एवढासा तुकडा अजून बधिर आहे. डॉक्टर म्हणाले, पुढे कधी सांधा झिजू शकतो, तेव्हा बघू. ते 'तेव्हा बघू' माझ्या डोक्यातून जात नाही. पण टाच रुंद झालेली नाही. माझी जुनी चप्पल मला बसते.

माझ्या एका तपासणीला आबा माझ्याबरोबर आले आणि माझं झाल्यावर खुर्चीतून उठेनात. डॉक्टरांना म्हणाले, "माझ्या पायाचं आता काय होण्यासारखं हाय का?" ऑपरेशनचं त्यांना विचारायचं नव्हतं आणि डॉक्टरांनीही ते काढलं नाही. त्यांनी मापाचा बूट करून घ्यायला सांगितला, आत मऊ गादी, एका बाजूला उंच. तो बूट आला तेव्हा आबांनी तो घालून घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. काठी सुटली नाही. पण संध्याकाळी पाय कमी ठणकतो, एवढं ते स्वतःहून वहिनीला बोलले.

अजून मी उंचावर चढत नाही. जिना उतरताना कठडा धरते, लोक मागे तुंबले तरी. मागच्या महिन्यात पेणहून एसटीनं रोह्याला आले. स्टँडवर गाडी थांबली, खाली पाणी साचलेलं, पायरी उंच, खाली किती खोल ते कळेना. मागून माणसं रेटत होती. मी दांडा धरून तशीच उभी राहिले. मागची एक बाई चिडून म्हणाली, "उतरा ना!" मी म्हटलं, "थांबा जरा. पाय मोडलेला हाय माझा." कंडक्टरनं मागच्यांना हातानं थांबवलं. मी उजवा पाय पाण्यात टाकला, मग डावा. पाणी घोट्यापर्यंत होतं. साडी धरून मी बाजूला झाले आणि रिक्षाला हात केला.